प्रकरण सोळावे : नवा रंग, नवे पाणी

बॉयलर थांबला की रंगाच्या कारखान्यात आधी कळते ते कानाला. हौदांची खदखद निवते, नळ्यांतली शिट्टी विरते, आणि इतका वेळ त्या गलक्याखाली दबून बसलेले बारीकसारीक आवाज एकेक करून डोके वर काढतात. कुठे थेंबाची टपटप, कुठे लाकडी दांडीची कुरकुर, कुठे माणसाचा उसासा. त्या दुपारी थोरलीने ऐकला तो उसासा तिच्या धाकट्या दिराचा होता. गॅसची चावी त्याने फिरवली होती, पण चावीवरचा हात काही केल्या त्याच्याने काढवत नव्हता.

“कोणी सांगितलं बंद करायला?” थोरलीने विचारले.

“मधल्याने. म्हणाला, आज घरचे सगळे बसणार, निर्णय व्हायचाय, तोवर उगाच कशाला जाळायचा. दर पुन्हा वाढलाय, वहिनी. या वर्षातली ही तिसरी खेप.”

“हौदात लोकर आहे की नाही ते तरी बघितलंस?”

“बघितलं. पिवळा होता, तो निघाला. लोकर आत असती तर मी त्याच्या बापाचं ऐकलं नसतं.”

“त्याचा बाप तो तुझाच बाप ना रे?”

“म्हणून तर खात्रीने सांगतोय,” तो म्हणाला, आणि दोघांनाही त्या अवघड वेळी हसू आले.

घरात त्याला सगळे इंजिन म्हणत, कारण बोलायच्या आधी तो नाकातून एक लांब सुस्कारा सोडी. थोरली लग्न होऊन आली तेव्हा तो दप्तर फेकून हौदांभोवती पळणारा पोर होता, त्याचे गुडघे तिनेच पुसले होते, म्हणून दीर असूनही ती त्याला अरे-तुरे करी. थोरला, म्हणजे तिचा नवरा, गेला त्या वर्षापासून कारखान्याचा संसार या दोघांच्याच खांद्यावर होता. ती रंग जुळवायची, तो वाफ सांभाळायचा.

बैठक सुकवणीच्या खोलीत भरली, कारण थंडी मी म्हणत होती आणि साऱ्या इमारतीत उबेची तेवढीच एक जागा उरली होती. छताला बांबू, बांबूंवर लोकरीच्या लडी. लाल, जांभळ्या, शेवाळी, राखाडी. त्या रंगीत छपराखाली चार खुर्च्या आणि एक उलटी केलेली बादली. बादलीवर इंजिन बसला. खिडकीजवळच्या खुर्चीवर आबा, थोरलीचे सासरे, ज्यांनी हा कारखाना एका हौदावर उभा केला. नखांच्या कडांना मुरलेला निळा रंग त्यांच्याबरोबरच जाणार होता. त्यांच्याजवळ नणंद, शाळेत शिकवणारी, वर्गावर आल्यासारखी ताठ. आणि दाराशी मधला दीर, मालवाहतुकीच्या कचेरीतला, स्वच्छ बुटांना रंग लागू नये म्हणून पाय जवळ घेऊन बसलेला. कामगारांना थोरलीने कोपऱ्यावर चहाला पाठवले होते. जाताना एकानेही मागे वळून पाहिले नाही, आणि तेच तिला जास्त लागले.

“मी लांबण लावत नाही,” मधला म्हणाला. “गोदामवाला तयार आहे. सगळी जागा घेतो म्हणतो, हौद काढून टाकायचा खर्चही त्याचाच. संध्याकाळपर्यंत त्याला होय की नाही ते कळवायचंय. आबांना निवांत खाता येईल, आपल्याला निवांत झोपता येईल.”

“मला झोप येते की,” इंजिन म्हणाला.

“तुला उभ्याने पण येते. ताई, तू बोल.”

नणंदेने आबांच्या गुडघ्यावर हात ठेवला. “मला आबांच्या छातीची काळजी वाटते. इथली वाफ, बाहेरची थंडी. गेल्या हिवाळ्यात काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. वहिनी, राग मानू नकोस, पण मला मधल्याचं पटतं.”

म्हणजे दोन इकडे, दोन तिकडे. आबा मधोमध, आणि आबा गप्प. थोरलीने त्यांच्याकडे पाहिले. ते छताला टांगलेल्या एका लाल लडीकडे बघत होते. घराचा निकाल लागायची वेळ आली होती आणि हे गृहस्थ रंग कुठे कमी बसलाय ते शोधत होते.

“भाऊजी,” थोरली म्हणाली, “गिऱ्हाईक तुटलेलं नाही. कांबळीवाला आहे, गालिचेवाल्या बाई आहेत, विणकाम करणाऱ्या बायकांचा तो मोठा गट आहे. काम आहे आपल्याकडे.”

“काम आहे, कोण नाही म्हणतंय? पण कामातून उरतं ते सगळं गॅस गिळतो. भाव वाढवून वाढवून किती वाढवणार? मागच्या खेपेला वाढवला तर गालिचेवाल्या बाई आठवडाभर बोलल्या नाहीत.”

“तो आठवडा फार सुखाचा गेला,” इंजिन पुटपुटला.

“हसा तुम्ही. वहिनी, खरं सांगू का? तुम्हाला वाटतं आपण लोकर रंगवतो. आपण लोकर रंगवत नाही, आपण गल्ली तापवतो! रोज हौदच्या हौद पाणी उकळायचं, त्यात लोकर बुडवायची, आणि वाफाळतं पाणी गटारात ओतून पुन्हा गार पाणी भरायचं. जाऊन बघा मागे. गल्लीतलं झाडून सगळं मांजर आपल्या गटाराच्या झाकणावर पसरलेलं असतं. निदान त्यांच्याकडून भाडं तरी वसूल करा.”

नणंद हसली. इंजिनही हसला. आबांच्यासुद्धा ओठाची कड हलली. थोरलीच्या मात्र अंगाचा तिळपापड झाला. ज्या कारखान्यासाठी तिच्या नवऱ्याने हाडाची काडं केली त्याची ही थट्टा! ती ताडकन उठली, मागचे दार उघडले आणि बाहेर गेली. चार श्वास घेऊन परत यावे, एवढाच तिचा विचार होता.

पण मांजरे खरोखरच होती. झाकणावर एक काळे, एक ठिपक्यांचे, आणि एक म्हातारा बोका असा ऐसपैस पडलेला, की त्याने तिच्याकडे एक डोळा अर्धा उघडला आणि मालकीण आहे असे पाहून पुन्हा मिटला. पलीकडच्या घरातल्या कोणीतरी ओले मोजेसुद्धा तिथेच वाळत घातले होते. थोरली खाली वाकली. झाकणावर तळवा टेकवला आणि पटकन उचलला. तासापूर्वी सोडलेल्या पाण्याचा तो चटका होता.

माणसाचे मन मोठे नवलाचे. शब्द खरा असला तरी तो टोमण्याच्या वेषात आला की दारातच अडवून धरायचे, आणि तोच शब्द तळहाताला भाजला की मुकाट्याने आत घ्यायचे. थोरली त्या झाकणाशी उकिडवी बसली आणि तिने आयुष्यात पहिल्यांदा विचार केला, की हे पाणी आपण टाकतो कशासाठी? लोकर रंग पिते तेव्हा सगळा पिते. हौदातून लड बाहेर काढली की मागे राहते ते जवळजवळ नितळ पाणी. पिवळ्याची एखादी पुसट सावली, बस. आणि त्या सावलीपायी आपण सगळी ऊब गटारात ओततो. दिवसातून कितीदा तरी. वर्षानुवर्षे.

ती आत आली तेव्हा मधला गोदामवाल्याच्या जागेचे माप सांगत होता.

“भाऊजी, तुमचं बरोबर आहे,” ती म्हणाली.

मधला चमकला. थोरली वहिनी आपल्याला बरोबर म्हणेल याची त्याने तयारीच केलेली नव्हती. “म्हणजे... गोदामवाल्याला हो म्हणू?”

“गोदामाचं नाही. मांजरांचं. आपण गल्ली तापवतो, हे बरोबर आहे. तर नको तापवायला. पाणी टाकायचंच नाही. सकाळी पिवळा करायचा. पिवळा निघाला की त्याच ऊन पाण्यात नारिंगी. मग लाल, मग विटकरी, शेवटी काळा. फिकटाकडून गडदाकडे. दुसऱ्या दिवशी पिवळा, हिरवा, निळा, पुन्हा काळ्यावर शेवट. पाणी तापवायचं फक्त सकाळी एकदा, मग दिवसभर नुसतं टिकवायचं.”

इंजिनाने सुस्कारा सोडला, पण या खेपेचा सुस्कारा निराळा होता. “वहिनी, हौदांना झाकणं करतो. लाकडाची. वरून जुनी घोंगडी. पहिल्या उकळीपुरता बॉयलर, मग मंद. अर्ध्याहून खाली येईल जळण.”

“अर्ध्याहून?” मधल्याने विचारले. त्याच्या डोक्यात आकडे हलू लागले ते त्याच्या भुवयांवरून दिसत होते.

“नाही,” आबा म्हणाले.

सगळे वळले. बैठक सुरू झाल्यापासून आबांनी काढलेला हा पहिला शब्द होता.

“नवा रंग, नवं पाणी,” आबा म्हणाले. “आणि ज्याची लोकर आधी आली त्याची आधी. हे दोन नियम या घराचे. लोक माझ्याकडे आले ते यासाठी. कोणाच्याही रंगात दुसऱ्याच्या रंगाचा उष्टा थेंब नाही.”

थोरलीला त्या नियमाची कथा ठाऊक होती, घरातल्या भिंतींनाही ठाऊक होती. कारखान्याच्या सुरुवातीला आबांनी एकदा निळ्याचा हौद नीट न धुता त्यात फिकट पिवळी लोकर सोडली. तान्ह्या बाळांच्या दुलयांची लोकर ती. निघाली हिरवट, शेवाळ धरल्यासारखी. गिऱ्हाइकाने काही न बोलता ती जमिनीवर ठेवली आणि तो निघून गेला. त्याने शिवी दिली असती तर आबा विसरले असते. तो गप्प राहिला, म्हणून नियम झाला.

“आबा, ते निळ्यावरून पिवळ्यावर गेलात म्हणून झालं,” थोरली म्हणाली. “आपण उलट जाणार. पिवळ्याची सावली नारिंगीत कोणाला दिसणार?”

“मला.”

“वहिनी, आबांच्या शब्दाबाहेर कशाला जायचं?” नणंद म्हणाली. पाहता पाहता तिने बाजू बदलली होती. गोदामासाठी ती मधल्याच्या बाजूला होती, पण नियमाची गोष्ट निघताच ती बापाची लेक झाली. “कारखाना बंद झाला तर झाला. पण आबांनी उभं केलेलं नाव तरी जसंच्या तसं राहील.”

“नाव कुठे राहील, वन्सं? गोदामाच्या पाटीवर?”

हे जरा जास्तच झाले. नणंदेचे ओठ मिटले. मधल्याने घड्याळाकडे पाहिले. इंजिन बादलीवरून उठून पुन्हा बसला. आबांनी काठी जमिनीला टेकवली आणि म्हणाले, “थोरले, माझ्या डोळ्यांदेखत हे व्हायचं नाही.”

थोरली बाह्या सरसावून म्हणाली, “मग आबा, तुमच्या डोळ्यांदेखतच करते.”

लहान हौद अजून भरलेला होता. पिवळा निघाला आणि लगेच बैठकीचे बोलावणे आले, म्हणून त्याचे पाणी सोडायचे राहून गेले होते. वाफ वर येत होती. थोरलीने एकाच गठ्ठ्यातून पांढऱ्या लोकरीच्या दोन सारख्या लडी काढल्या. एक नेहमीच्या रीतीने, नमुन्याच्या पातेल्यात, गार ताज्या पाण्यात. दुसरी हौदातल्या जुन्या पाण्यात. रंग एकच, नारिंगी. इंजिनाला तिने पातेल्याखालची शेगडी सांभाळायला सांगितली.

“आणि मी?” मधल्याने विचारले. तो नकळत तिच्या मागोमाग आला होता.

“तुम्ही हे तापमापक धरा. आत बुडवून. वाकावं लागेल.”

“बूट...”

“बुटांना नारिंगी चांगला दिसेल,” नणंद मागून म्हणाली. ती रुसली होती, पण एवढी संधी तिच्याने सोडवेना.

थोरलीने रंग ओतला, ढवळला, लड दांडीवर घेतली आणि वाफाळत्या पाण्यात सोडली. तिचे हात चालत होते तसेच, जसे इतकी वर्षे चालत आले. दांडी फिरव, लड वर घे, खाली सोड. सरावाचे हात. आणि सरावानेच तिचा घात केला.

लड बाहेर निघाली. एकीकडे गडद, एकीकडे फिकट, मध्येच एक पट्टा पांढराच राहिलेला. जणू कोणी लोकरीला फटके मारले होते. पातेल्यातली लड शेजारी ठेवली तर ती पिकलेल्या फळासारखी एकसंध.

थोरलीने ती डागाळलेली लड दोन्ही हातांत धरली होती, ऊन पाणी कोपरांवरून ओघळत होते, आणि तिला लपायला जागा नव्हती. मधल्याने तापमापक खाली ठेवले. त्याच्या चेहऱ्यावर जिंकल्याचा आनंद नव्हता, हे तिने पाहिले. हळहळ होती.

“वहिनी,” तो हळूच म्हणाला, “तुम्ही करून बघितलंत. कोणी नावं ठेवणार नाही.” आणि त्याने खिशातून फोन काढला.

“थांब,” आबा म्हणाले.

ते काठी टेकत हौदापर्यंत आले होते. त्यांनी लड तिच्या हातातून घेतली, नाकाजवळ नेली, बोटांनी उलगडली, उजेडाकडे धरली. त्यांनी फक्त गप्प राहायचा अवकाश होता. गप्प राहिले असते तर त्यांचा नियम जिंकला असता, आणि सगळ्यांनी मान तुकवली असती. पण ज्या माणसाने जन्मभर रंगाशी खोटेपणा केला नाही तो तेव्हाच कसा करणार?

“पाणी जुनं होतं म्हणून हे बिघडलेलं नाही,” आबा म्हणाले.

“मग?”

“पाणी ऊन होतं म्हणून. लोकर एकदम ऊन पाण्यात पडली की जिथे पहिली टेकते तिथेच अधाशासारखा रंग पिते. मागून येणाऱ्या भागाला काही उरत नाही. मी दुसऱ्याकडे हौद ढवळायला होतो तेव्हा पाहिलंय. तुझी चूक नाही, थोरले. चूक माझी आहे म्हण. या घरात मी सगळ्यांना गार पाण्यापासून हळूहळू तापवत जायला शिकवलं. ऊन पाण्याशी कसं वागायचं ते इथे कोणाला ठाऊकच नाही.”

इंजिनाने शेगडी बारीक केली.

“मग कसं वागायचं?” थोरलीने विचारले. आवाज तिने मुद्दाम सरळ ठेवला.

आबा वैतागल्यासारखे म्हणाले, “मला विचारतेस? नियम मोडायची कृती माझ्याच तोंडून ऐकायची आहे का तुला?”

“दुसऱ्या कोणाला येते? भाऊजींना?”

“मला बूट पुसता येतात,” मधला म्हणाला.

त्या हसण्यात काहीतरी सैल झाले. आबांनी काठी नणंदेच्या हातात दिली. “लोकर आधी कोमट पाण्यात भिजव. पाव तास. तिचा अधाशीपणा जाऊ दे. हौदात थोडं गार पाणी घाल, सगळं निवेल इतकं नाही, बोट धरवेल इतकं. रंग एकदम ओतायचा नाही, तीन वेळा घालायचा. आणि पिवळा आधीच पाण्यात आहे ना, मग नारिंगीतला पिवळा कमी कर. किती कमी, ते तुला कळायला हवं. रंग जुळवणारी तू आहेस.”

नवी पांढरी लड भिजत पडली. थोरलीने डोळ्यांत तेल घालून रंग मोजला, मग त्यातून चिमूटभर परत काढला, मग अजून चिमूटभर. इंजिनाने हौदावर एक फळी आडवी टाकली आणि तिच्यावर आपले जाकीट पांघरले. मधला तापमापक धरून वाकला होता. त्याच्या एका बुटावर नारिंगी ठिपका पडला. त्याने तो पाहिला आणि पाय मागे घेतला नाही. नणंद बाहेर चहाला थांबलेल्या कामगारांना सांगून आली, की अजून थोडा वेळ लागेल, पण घरी जाऊ नका.

खिडकीतला उजेड पिवळट होऊ लागला तेव्हा लड बाहेर निघाली. एकसारखी. वरपासून खालपर्यंत कुठे खंड नाही, कुठे पट्टा नाही. नणंदेने दोन्ही लडी पिळून, सुकवणीतल्या उबेवर धरून पाठीमागे लपवल्या, अदलाबदल केल्या आणि आबांसमोर धरल्या.

“कोणती जुन्या पाण्यातली?”

आबांनी दोन्ही लडी खिडकीपाशी नेल्या. एक डोळा मिटून पाहिले, मग दुसरा.

“ही,” आबा म्हणाले.

नणंदेने मान खाली घातली. तीच होती.

“माझ्या डोळ्यांना तर एकसारखं दिसतं,” मधला म्हणाला. पहिल्यांदाच त्याच्या आवाजात तक्रार होती, आणि तक्रार वहिनीच्या बाजूची होती. “ताई, तुला?”

“मला पण.”

“तू मास्तरीण आहेस, तो हमालीतला हिशेबनीस आहे. तुम्हाला काय दिसणार?” आबा म्हणाले. “हिच्या पोटात किंचित उजेड जास्त आहे. पिवळा राहिलाय. नखाएवढा.”

“गिऱ्हाइकाला दिसेल?” थोरलीने विचारले.

आबांना खोटे बोलता आले असते. “नाही.”

“कांबळीवाल्याला?”

“त्याला तर लाल कुठला नि गुलाबी कुठला ते सांगावं लागतं.”

“मग?”

“मला दिसतं, थोरले. मला दिसतं ते मी बाहेर जाऊ देणार नाही.”

थोरलीने ओले हात पुसले. ती दमली होती, पण त्या दमण्याच्या तळाशी काहीतरी घट्ट बसले होते, आणि ते आता हलणार नव्हते.

“तेच हवंय मला,” ती म्हणाली. “तुम्हाला दिसतं तेच. आबा, मी रोज जुन्या पाण्यात रंगवणार. आणि रोज तुम्ही या खिडकीत बसणार. जी लड तुम्हाला खटकेल ती परत हौदात, पुढच्या गडद रंगात. नारिंगी नाही पटला तर लाल होईल, लाल नाही पटला तर विटकरी. तुम्ही हो म्हटल्याशिवाय एक धागा बाहेर जाणार नाही. उद्या उजेड जास्त दिसला तर परवा मी आणखी चिमूट कमी करीन. तुम्ही पकडायचं, मी सुधारायचं. एक दिवस तुम्हाला ओळखता येणार नाही.”

“असा दिवस यायचा नाही.”

“मग बसा बघत.”

आबा तिच्याकडे पाहत राहिले. थोरलीला वाटले आता चिडतील. पण त्यांच्या चेहऱ्यावर जे आले ते थोरला गेल्यापासून तिने पाहिले नव्हते. कोणीतरी आव्हान दिल्यावर येतो तसला उत्साह.

“बाळांच्या लोकरीला मात्र ताजं पाणी,” ते म्हणाले. “फिकट गुलाबी, फिकट पिवळा, पांढरा. तिथे मी ऐकणार नाही.”

“कबूल.”

“आणि खिडकीची काच पुसून घ्या. काजळी धरलीय. माणसाने बघायचं कसं?”

नणंद पदराने नाही, बाहीनेच काच पुसायला धावली. तिची बाजू पुन्हा फिरली होती, आणि या खेपेला ती कोणाची म्हणून नव्हती. “आबा, तुम्ही आतच बसायचं, वाफेपासून लांब. दार बंद. मी शाळा सुटल्यावर येऊन बघणार.”

मधला फोन घेऊन दाराशी गेला. सगळ्यांना ऐकू येईल इतक्या मोठ्याने तो गोदामवाल्याशी बोलला. “नाही. या हिवाळ्यात नाही. हो, मी कळवतो म्हणालो होतो, तेच कळवतोय.” मग फोन ठेवून थोरलीला म्हणाला, “एक हिवाळा, वहिनी. मी बोलून चालून आकड्यांचा माणूस. हिवाळा सरला की मी पुन्हा बसवणार सगळ्यांना. खर्च खाली आला नसेल तर हाच विषय पुन्हा.”

“बसवा. तुमच्या टोमण्याचं देणं आहे माझ्यावर. नाहीतर मी आजपण पाणी सोडलं असतं.”

मधला लाजला. इंजिन म्हणाला, “दादा लाजतोय रे! कोणीतरी तापमापक लावा!”

आता एकच काम राहिले होते, आणि ते सगळ्यांत अवघड होते. थोरलीने कांबळीवाल्याला फोन लावला. सर्वांत मोठे गिऱ्हाईक, सर्वांत मोठा आवाज. तो फोनवर बोलला की खोलीतल्या सगळ्यांना ऐकू येई.

“बाई, माझी निळी लोकर उद्या तयार पाहिजे!”

“आजपासून आमच्याकडे रंगांचे दिवस ठरलेत,” थोरली म्हणाली. “जो आधी आला तो आधी, असं आता नाही. रंग आपल्या ओळीत येणार. निळा उद्या होईल, पण दुपारनंतर...”

“उद्या तांबड्याची बाजू आहे,” खिडकीतून आबा ओरडले. “निळा परवा, म्हणावं! पिवळा, मग हिरवा, मग निळा. मध्येच उडी मारायची नाही!”

थोरलीने वळून पाहिले. आबा खुर्ची सरकवून काचेसमोर बसले होते, मांडीवर दोन्ही नारिंगी लडी, आणि तिच्याकडे पाहतही नव्हते.

“निळा परवा,” ती फोनवर म्हणाली.

“परवा? दुसरीकडे कुठेही मला उद्या मिळेल!”

“मिळेल. घ्या. पण आमचा निळा परवाच मिळेल.”

थोरलीने फोन कानाला घट्ट धरला. इंजिनाचा हात गॅसच्या चावीवर होता, मधला भिंतीला टेकला होता, नणंदेच्या हातात काळी पडलेली बाही.

“आमच्याकडेही विजेने नाकात दम आणलाय,” कांबळीवाला शेवटी म्हणाला. त्याचा आवाज खाली आला होता. “मागांची अर्धी रांग बंद ठेवलीय मी. बरं. परवा तर परवा. पण हा नियम काढला कोणी?”

थोरलीने खिडकीकडे पाहिले. म्हातारा एक डोळा मिटून लड उजेडाला लावत होता.

“आबांनी,” ती म्हणाली, आणि इंजिनाला मान हलवून खूण केली, की चावी उघड.